कंपनी सोळा म्हणते

बऱ्याच महिन्यांत इथे काही लिहिलं नाही. दोघी-तिघींनी विचारलं, आणि नागपूरच्या आतेभावाने तर फोनवर "ब्लॉग मिटवलास की काय?" असं थेटच विचारलं. मिटवला नाही हो. बाबांच्या निगेटिव्हचं काम चालू आहे, आणि त्या कामातून उठलं की लिहायला डोळेच उरत नाहीत. आज त्याच कामातली एक गोष्ट सांगते. तशी जुनी आहे, २०२२ च्या फेब्रुवारीतली. कॉम्प्युटरची आहे, त्यामुळे काकू-मावशी मंडळींना कंटाळा आला तर मधले दोन-चार परिच्छेद खुशाल गाळा. पण शेवटपर्यंत या, शेवटी तुमच्याकडेच काम आहे.

बाबांचा सांगलीत स्टुडिओ होता हे नातेवाइकांना सांगायला नको. तुमच्यातल्या निम्म्यांच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेत. बाकीच्यांसाठी सांगते: १९६५ ते २००४, एकोणचाळीस वर्षं. लग्नं, बारशी, पासपोर्ट, आणि मुख्य म्हणजे शाळांचे ग्रुप फोटो. काळं फडकं डोक्यावर घेऊन मोठ्या कॅमेऱ्यामागे उभे राहिलेले बाबा ही माझी त्यांची सगळ्यात जुनी आठवण. त्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह हाफ प्लेट आकाराच्या, म्हणजे साधारण पोस्टकार्डापेक्षा थोड्या मोठ्या. प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर शाळा, वर्ष आणि नंबर. नावं नाहीत. नावं बाबांच्या डोक्यात.

२००५ च्या पुरात स्टुडिओत पाणी आलं होतं. पाणी ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर जिथपर्यंत ओल होती तिथे ऑइलपेंटने लाल रेघ मारली, आणि सुताराकडून तिच्या वर हातभर उंचीवर नवी फळी ठोकून घेतली. सगळी खोकी त्या फळीवर. "आता कितीही येऊ दे," म्हणाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. रेघ पाण्याखाली, फळी पाण्याखाली. आईबाबांना आम्ही आधीच पुण्याला आणलं होतं. परत जाऊन कुलूप उघडेपर्यंत आठवडा गेला.

ओल्या निगेटिव्हचं एक वाईट असतं. पाण्यात असेपर्यंत त्यांना तशी आशा असते, कारण वरचा जिलेटिनचा थर फुगलेला असला तरी जागेवर असतो. एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत त्या वाळल्या, की संपलं. मग ओढून सोडवायला जावं तर चेहऱ्यांचे पापुद्रे दुसऱ्या निगेटिव्हवर निघून येतात. आमच्या निम्म्या वाळल्या होत्या. जी खोकी तळाशी चिखलातच राहिली होती ती वाचली, हे एक नवलच. ती तशीच ओली बादल्यांत घालून पुण्याला आणली, आणि गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या. शेजारच्या आजींना वाटलं, पापड घातलेत.

तर अशा साधारण अकराशे निगेटिव्ह. २०२० मध्ये सगळेच घरात बसले तेव्हा स्कॅनिंगला सुरुवात केली.

आता कॉम्प्युटर. माझा भाचा तेव्हा पुण्यातल्या एका जाहिरातीच्या स्टुडिओत होता. त्यांनी जुनी यंत्रं काढून टाकली त्यात एक २००९ चा मॅक प्रो त्याने माझ्यासाठी जवळजवळ फुकटात उचलला. ॲल्युमिनियमचा अठरा किलोचा ठोकळा, समोरून खिसणीसारखी भोकं. तो टेबलाखाली ठेवला तेव्हा नवऱ्याने विचारलं होतं, "हा उन्हाळ्यात गार हवा देतो का?" (देतो. गरम.) पण यंत्र दणकट. चार हार्ड डिस्क आत बसतात, आणि मला ज्याची सवय आहे ते जुनं फोटोशॉप, जे दर महिन्याला पैसे मागत नाही, ते त्यावर सुखाने चालतं. स्कॅनरही त्याच्याशी बोलतो. नवीन घ्यायचं तर हे तिन्ही बदलायचं, आणि त्या वर्षी घरात लेकीच्या फीचा दुसरा हप्ता होता. असो.

त्यात रॅम होती ८ जीबी. चार खाचा, प्रत्येकीत २ जीबीची पट्टी.

माझी एक हाफ प्लेट निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली की साधारण पावणेअठरा कोटी ठिपके होतात. फोटो काळेपांढरे असले तरी स्कॅन रंगीतच करायचा, कारण पुराचे डाग तपकिरी-पिवळे आहेत. तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये ठसठशीत दिसतो आणि लाल चॅनलमध्ये विरून जातो. ही युक्ती मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मी रडायची बाकी होते, कारण आधीचे दीडशे स्कॅन काळेपांढरे करून बसले होते. तर रंगीत, सोळा बिटचा स्कॅन म्हणजे प्रत्येक ठिपक्याला सहा बाइट. एक फाइल एक जीबीच्या वर. त्यावर एक लेअर डागांसाठी, एक ओरखड्यांसाठी, एक चेहऱ्यांसाठी, वर अनडूसाठी मागच्या पायऱ्या. ८ जीबी कुठल्या कुठे संपते.

संपली की कॉम्प्युटर थांबत नाही, तेच तर दुखणं. रॅममध्ये मावेना ते तो हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसं परत आणतो. ओट्यावर जागा नाही म्हणून प्रत्येक भांडं माळ्यावर ठेवायचं आणि फोडणी द्यायच्या वेळी शिडी लावून कढई काढायची, तसं. फोटो दोन अंशांनी सरळ करायचा म्हटलं की ते रंगीत चक्र फिरायला लागायचं. मी घड्याळ लावून बघितलं होतं, चार मिनिटं. एका कमांडला चार मिनिटं.

एकटी असते तर मी तेही सोसलं असतं. स्वयंपाक करता करता कामं होतात. पण शेजारी बाबा बसायचे.

त्या वर्षी ते ऐंशीचे होते. रोज साडेदहाला, अंघोळ-पूजा आटपून, चष्मा पुसून येऊन बसायचे. ग्रुप फोटोतला एकेक चेहरा मी मोठा करून दाखवायचा आणि त्यांनी नाव सांगायचं. नाव नाहीतर निदान "गणपती पेठेतल्या किराणावाल्याचा धाकटा", एवढं तरी. मी ते लिहून घ्यायची. एरवी त्यांना सकाळी गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, पण १९६९ च्या फोटोतल्या मुलाचा बाप कोणत्या बँकेत होता ते आठवतं. तासभर बसू शकायचे. त्यातली चाळीस मिनिटं चक्र फिरण्यात जायची. दोन-तीन वेळा चक्र थांबलं आणि मी वळून बघितलं, तर बाबांची मान खाली. झोप लागलेली. कसं उठवणार? त्या दिवशी एक नाव मिळालं होतं. एक.

म्हणून रॅम वाढवायचं ठरवलं, आणि तिथे कळलं की कंपनी सोळा म्हणते.

म्हणजे माझ्या यंत्राला, एका प्रोसेसरवाल्या मॅक प्रोला, ॲपलच्या कागदावर जास्तीत जास्त १६ जीबी चालते. चार खाचा, चार-चारच्या चार पट्ट्या. विषय संपला. भाच्याला फोन केला. तो तोवर बंगळूरला गेला होता.

"मावशी, सोळाने तुझं भागणार नाही. अठ्ठेचाळीस घाल."

"अरे, चालत नाही. कंपनीनेच लिहिलंय."

"मार्च २००९ मध्ये हे मशीन आलं तेव्हा कंपनीने आठ लिहिलं होतं. नंतर सोळा लिहिलं. मधे मशीनमध्ये काय बदललं?"

मी म्हटलं, काय?

"काहीच नाही."

हे मला पटलं म्हणण्यापेक्षा टोचलं. मी स्वतः चोवीस वर्षं सरकारी नोकरीत काढली आहेत. "नियमात बसत नाही" हे वाक्य मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर बोललेही आहे. त्यातला कुठला नियम खरोखर कशासाठी तरी होता, आणि कुठला केवळ परिपत्रक काढलं त्या दिवशी तेवढंच माहीत होतं म्हणून होता, हे टेबलामागे बसणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं. मग आठवडाभर वाचत बसले.

मर्यादा दोन जातींच्या निघाल्या. एक खरोखरची भिंत. २००६ च्या सुमाराला इंटेलच्या ९४५ चिपसेटवर बरेच लॅपटॉप निघाले, आमच्याकडेही त्यातलाच एक होता. त्यात ४ जीबी घातली तरी दिसायची ३ च्या आसपास. कारण त्या चिपसेटला घरांचे नंबर मोजताच यायचे चार जीबीपर्यंत, आणि त्यातले बरेच नंबर ग्राफिक्स वगैरे मंडळींनी आधीच अडवलेले. वाड्यात खोल्या बांधल्या, पण पोस्टमनच्या वहीत त्यांना नंबरच नाही! अशा ठिकाणी कितीही पट्ट्या आणा, काही होत नाही.

दुसरी जात म्हणजे नुसती पाटी. यंत्र बाजारात आलं तेव्हा ज्या आकाराच्या पट्ट्या मिळत होत्या, परवडत होत्या आणि तपासून बघता आल्या, तेवढ्यांची बेरीज करून कागदावर लिहिली. पुढे मोठ्या पट्ट्या आल्या. कधी कंपनीने कागद बदलला, कधी तिला गरज वाटली नाही, कारण तोवर तिचं नवं यंत्र विकायला आलं होतं. माझ्या मॅकची गंमत अशी की रॅमचा कारभार प्रोसेसरच्याच पोटात आहे, आणि त्या प्रोसेसरसाठी इंटेल म्हणते २४. ॲपल म्हणते १६. आणि लोकांच्या घरात तेच यंत्र वर्षानुवर्षं १६-१६ च्या तीन पट्ट्यांवर, म्हणजे ४८ वर, चालू आहे.

तीनच का, चार का नाहीत? तर या प्रोसेसरला रॅमकडे जायचे रस्ते तीन. खाचा मात्र चार. तिसरी आणि चौथी खाच एकाच रस्त्यावर. तीन सारख्या पट्ट्या घातल्या तर तिन्ही रस्ते सारखे चालतात, म्हणून चौथी मोकळी सोडायची. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

अजून एक भानगड. १६ जीबीच्या या पट्ट्या सर्व्हरच्या असतात, त्यांना रजिस्टर्ड म्हणतात. पट्टीवर एक मधली चिप असते, ती हुकूम स्वतःकडे घेते आणि मग पुढे देते. त्यात घड्याळाचा एक ठोका जास्त जातो, पण प्रोसेसरवरचा भार हलका होतो. माझ्या जुन्या २ जीबीच्या पट्ट्या मधल्या चिपशिवायच्या. दोन्ही जाती एकत्र चालत नाहीत. मात्र चूक सुधारायची सोय, ज्याला ईसीसी म्हणतात, ती दोन्हींत आहे. दर ६४ बिटांमागे ८ बिट जास्तीचे ठेवतात, आणि त्यावरून एक बिट उलटला तर यंत्र आपलं आपण दुरुस्त करतं, दोन उलटले तर निदान कळतं. माझा जीव अडकला होता तो इथेच. हळू चाललेलं परवडलं, पण एखादा बिट गुपचूप उलटला आणि मी तो स्कॅन सेव्ह करून टाकला तर? निगेटिव्ह काही दुसऱ्यांदा स्कॅन होईल याची खात्री नाही, काहींचा थर आत्ताच भुकटीसारखा झडतोय. आणि बिट उलटणं ही नुसती भीती नाही. गूगलच्या सर्व्हरवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये आला होता. त्यात वर्षभरात साधारण तीनातल्या एका यंत्रात रॅमची निदान एक तरी दुरुस्त होण्याजोगी चूक नोंदली गेली होती. हे वाचून एक रात्र झोप आली नाही.

सकाळी चहाला बाबांना सांगितलं. त्यांना जीबी वगैरे काही कळत नाही, पण "कंपनी सोळा म्हणते आणि आपण अठ्ठेचाळीस घालणार" एवढं बरोबर कळलं. म्हणाले,

"ओर्वोचा एनपी बावीस यायचा. डब्यावर एकशेपंचवीस लिहिलेलं. संध्याकाळच्या लग्नात मी तो चारशेवर वापरायचो आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचो. चाळीस वॉटच्या बल्बात वरमाला निघायची."

"मग डब्यावरचं खोटं असायचं?"

"खोटं नाही. ते त्यांच्या जबाबदारीचं. पुढची आपल्या." मग बशीत चहा ओतत म्हणाले, "पण काहीतरी जातंच. पुश केला की सावल्या कोऱ्या. काळ्या कोटाची बटणं दिसायची नाहीत. तुझ्यात काय जातं ते बघितलंस का?"

इतका नेमका प्रश्न मला आठवडाभर वाचून सुचला नव्हता. वहीत लिहून काढलं. एक ठोका. चौथी खाच. चालू होताना रॅम तपासायला लागणारा जास्तीचा वेळ. वॉरंटी, जी दहा वर्षांपूर्वीच संपली. आणि काही बिघडलं तर कुणाला विचारायला जायचं तोंड.

रॅम घ्यायला मुंबईला गेले. मुद्दाम नाही, गिरगावात एक मुंज होती. डेक्कन क्वीनने दादर, तिथून ग्रँट रोड, आणि जरीची साडी नेसून लॅमिंग्टन रोडवर. माझ्याखेरीज तिथे जरीकाठ कुणीच नव्हतं. दुकानात पत्र्याच्या डब्यात पट्ट्या चिक्कीच्या वड्यांसारख्या उभ्या रचलेल्या. बंद झालेल्या सर्व्हरमधून काढलेला माल.

"सर्व्हर का है मॅडम. घर के पीसी में नहीं चलेगा."

"मॅक प्रो है, २००९ का."

त्याने मागच्या पोराकडे बघितलं. पोरगं म्हणालं, "लेता है. टू आर वाला दो." म्हणजे लेबलवर २आर लिहिलेली पट्टी, चार आर नको. मी तेच वहीत लिहून आणलं होतं. मी चष्मा वर करून प्रत्येक लेबल वाचलं. १६ जीबी, २आरएक्स४, पीसी३एल-१०६००आर. शेवटचा आर रजिस्टर्डचा. तिन्ही पट्ट्या सारख्या. साडेपाच हजार, आणि सात दिवसांची चेकिंग वॉरंटी. गंमत बघा, कंपनीच्या नियमात बसणाऱ्या चार-चारच्या चार पट्ट्या मला याहून महाग पडत होत्या, कारण त्या जातीच्या फारशा मिळतच नाहीत.

मुंजीत बटव्यात पट्ट्या होत्या. मुलाला आहेर देताना चुकून तेच पाकीट बाहेर निघालं, आणि त्याच्या आईने "अय्या, हे काय?" म्हणून बघितलं. चालायचंच.

रात्री साडेदहाला बसवायला घेतल्या. हे यंत्र आतून इतकं सुरेख आहे की विचारू नका. मागचा खटका उचलला की कड सुटते, आत तळाशी ट्रे, दोन खटके दाबून तो ड्रॉवरसारखा अख्खा बाहेर येतो. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावला, सवयीने नमस्कारही केला. जुन्या चारपैकी तीन काढल्या. तीन नव्या दाबून बसवल्या, दोन्ही कडांचे चिमटे टक् करून मिटले. चौथी जुनी होती तिथेच ठेवली.

का ठेवली? चांगली चालती पट्टी, काढून टाकायची कशाला! ४८ आणि २, ५० झाले असते. आईची लेक आहे मी. डब्यात चमचाभर उरलेली उसळसुद्धा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या घरातली.

बटण दाबलं. पंखे फिरले. तो ओळखीचा "ढँऽऽग" आलाच नाही. पडदा काळा. समोरचा पांढरा दिवा लुकलुकायला लागला. बंद करून परत. तेच. पुन्हा. तेच. अकरा वाजले होते, घर झोपलेलं, आणि माझ्या कानशिलात ठोके पडत होते. जवळजवळ दोन वर्षांचं काम त्या यंत्राच्या आत. (दोन डिस्कवर प्रत होती. हे मला तेव्हा आठवलं नाही.) नियम मोडायला गेलं की असं होतं, ही बुद्धी अशा वेळी फार लवकर होते.

भाच्याला फोन. उचलला, सुदैवाने.

"मावशी, चारही खाचांत काय काय आहे ते सांग."

"एक, दोन, तीनमध्ये नव्या."

"आणि चौथीत?"

"...जुनी."

पलीकडे बराच वेळ शांतता. हसत होता की कपाळाला हात लावला होता, कोण जाणे. "काढ," म्हणाला.

काढली. बटण दाबलं. या वेळी काळा पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला, आणि मग तो आवाज आला. मी आयुष्यात बऱ्याच मैफली ऐकल्या आहेत, पण त्या रात्री तो एक सूर... जाऊ दे. माहितीच्या खिडकीत लिहिलं होतं, ४८ जीबी. ईसीसी चालू. तिन्ही पट्ट्यांपुढे ओके.

लगेच काम नाही सुरू केलं. रेंबर नावाचं एक छोटं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते रॅममध्ये ठिपक्यांच्या रांगोळ्या लिहितं आणि वाचून पडताळतं. ते रात्रभर लावलं. दुसऱ्या रात्री परत. मूळ स्कॅनना मी पुढचे आठ दिवस हात लावला नाही, प्रतींवरच काम केलं. प्रत्येक मूळ फाइलचा एमडी५, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, आधीच काढून ठेवला होता. आठ दिवसांनी सगळ्या फाइलींचे ठसे नव्या रॅमवर पुन्हा काढले आणि ताडून बघितले. एकही वेगळा नाही. तेव्हा कुठे चेकिंग वॉरंटी संपल्याचं वाईट वाटणं थांबलं. त्यानंतर दर गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला ठसे ताडते. अजून तरी सगळे जुळतात.

दोन अंशांनी सरळ करायला आता बारा-पंधरा सेकंद लागतात.

पहिल्या दिवशी बाबा नेहमीसारखे साडेदहाला आले, बसले, आणि वर्तमानपत्र सोबत आणलं होतं. चक्र फिरताना वाचायला. ते उघडायची वेळच आली नाही. मी १९६९ चा अकरावीचा ग्रुप उघडला, पहिली रांग खुर्च्यांवर मास्तर, मागे तीन रांगा मुलं. एक चेहरा, नाव. दुसरा चेहरा, नाव. "हा पुढे एसटीत कंडक्टर झाला." "ह्याने फोटोच्या दिवशी भावाचा शर्ट घातला होता, खांदे बघ." "ही पोरगी हसायची थांबेना म्हणून मी तीन प्लेटा वाया घालवल्या." मला लिहायला वेळ पुरेना. तासात एकतीस नावं. मग ते म्हणाले, "जरा थांब की गं, दमलो." मी थांबले. इतक्या महिन्यांत त्यांनी मला थांब म्हणायची ही पहिली वेळ.

नंतर विचारलं, "किती झाली शेवटी?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि कंपनी?"

"सोळा."

"बटणं दिसतायत ना?"

मी पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकांचा काळा कोट मोठा करून दाखवला. चारही बटणं होती. बाबांनी बोटाने मोजली, पडद्याला बोट लावून. मी पडदा पुसला नाही दोन दिवस.

आता ते अर्धा तासच बसतात, तेही रोज नाही. अकराशेपैकी साडेसातशे निगेटिव्ह झाल्या. त्या १९६९ च्या फोटोत एक जागा मात्र राहिली आहे. तिसरी रांग, डावीकडून सहावा. चेहऱ्यावरचा थर शेजारच्या निगेटिव्हबरोबर निघून गेला. गांधी टोपीची कड, डावा कान आणि कॉलर एवढंच उरलंय. सगळे चॅनल बघून झाले, काही नाही तिथे. बाबा म्हणतात, विश्रामबागेकडून सायकलवर यायचा, वडील साखर कारखान्यात होते. नाव ओठांवर आहे म्हणतात. गेली तीन वर्षं ओठांवर आहे.

मिरजेच्या काकू, तुमच्या मोठ्या दिरांची मॅट्रिक त्याच वर्षीची ना? त्यांच्याकडे या फोटोची छापील प्रत असेल तर ट्रंकेत बघता का? मागच्या बाजूला कधीकधी मुलांनी नावं लिहिलेली असतात. मी शनिवारी फोन करते.